घाम न येणारा मे महिना

(दृश्य: दुपारचे दोन. बर्डीवरून मानेवाड्याकडे जाणारा रस्ता. दुपट्ट्यानं तोंड गुंडाळलेल्या स्कूटीवाल्या.)

मे महिन्यातलं नागपूर. पारा 45 च्या वर. बँकेतून घरी आलेल्या ताईनं दुपट्टा सोडला, तर चेहरा लालबुंद आणि कपाळ कोरडंठाक. हात लावला तर तापलेल्या तव्यासारखं. आई म्हणाली, "बरं आहे बाई तुझं, घामच नाही येत." आम्हालाही तसंच वाटलं. आमची चूक कळायला आठवडा गेला.

ताईला पंधरा वर्षांपासून अर्धशिशी. दुखायला लागलं की कुलरचा आवाजही सहन होत नाही. पडदे ओढायचे, उशाशी बादली ठेवायची. महिन्यातले आठ-आठ दिवस असे गेले, तेव्हा दुखणं टाळण्यासाठी रोजची गोळी सुरू झाली: टोपिरामेट. मूळची मिरगीची. अमेरिकेत 1996 साली तिला त्यासाठी मान्यता मिळाली, 2004 साली अर्धशिशीसाठी. 25 मिलिग्रॅमपासून सुरुवात करून हळूहळू साधारण 100 पर्यंत नेतात. ताईला गोळी लागू पडली, आठाचे दोन दिवस झाले. हे आधी सांगते, कारण पुढचं ऐकून कोणी गोळी फेकून देऊ नये.

(दृश्य: स्वयंपाकघर. कढई.)

आधी बोटांना मुंग्या आल्या. मग बाटलीतला फसफसणारा सोडा बेचव लागायला लागला. एकदा पुऱ्या तळताना ताई हात पुढे करून थांबली. "ते दे ना... ते... तळायचं..." झारा! रोज हातात असलेल्या वस्तूचं नाव तिच्या ओठांवर येईना. ती घाबरली. शब्द न आठवणं हा या गोळीचा नेहमीचा त्रास, हे आम्हाला माहीत नव्हतं. मुंग्या आणि बेचव सोडा यामागचं कारण एकच. कार्बोनिक अॅनहायड्रेज नावाचं एक विकर (एन्झाइम) शरीरात असतं, त्याला ही गोळी अडवते. त्यातूनच मुतखड्याचाही धोका वाढतो, म्हणून पाणी भरपूर प्यायचं.

पण नागपूरकरांनी सगळ्यात जास्त जपायचं ते घामाला. घाम वाळतो, तेव्हा अंग थंड होतं. या गोळीनं काहींचा घाम कमी होतो आणि ताप चढतो. अशा तक्रारी लहान मुलांमध्ये जास्त नोंदल्या गेल्यात, पण मोठ्यांनाही हे होतं. अमिट्रिप्टिलिन ही डोकेदुखीवरची दुसरी गोळीही घाम कमी करू शकते. दोन्ही चालू असतील तर उन्हाळ्यात जास्तच जपावं लागतं. आपण पन्हं पितो, खिशात कांदा ठेवतो, पण अंग कोरडं आहे का, हे बघायचं आपल्याला सुचतच नाही. गोळी लिहून देताना मुंग्यांचं सांगितलं गेलं. घामाचं कोणी बोललं नाही. नागपुरात, एप्रिलमध्ये! याचं मला आजही वाईट वाटतं.

(दृश्य: धंतोलीतल्या दवाखान्यांच्या पाट्या.)

आठवड्यानं ताईला चक्कर आली, अंग भाजत होतं. ओल्या चादरी, पंखा, मग दवाखाना. गोळी एकदम बंद करायची नाही, असं तिथे बजावून सांगितलं, कारण त्यानं झटके येऊ शकतात, मिरगी नसलेल्यांनाही. मग मात्रा टप्प्याटप्प्यानं कमी केली.

दोन गोष्टींना थांबायला वेळ नसतो. अचानक अंधुक दिसलं आणि डोळा दुखला, विशेषतः पहिल्या महिन्यात, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं, नाहीतर नजर जाऊ शकते. आणि दिवस राहण्याची शक्यता असेल तर गोळीआधीच बोलायचं. गर्भातल्या बाळाचे ओठ आणि टाळू दुभंगण्याचा धोका आहे.

(दृश्य: पावसाची पहिली सर. तीच कढई.)

जूनच्या शेवटी ताई भजी तळत होती. "झारा दे गं," म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता. आईनं तो पदरानं पुसला आणि ओला पदर मला दाखवला.