‘फिकार’चं मराठी करताना

‘फिकार’ या पोर्तुगीज क्रियापदासाठी इंग्रजी कोश उघडला, की राहणे, होणे, असणे, ठेवणे, शोभणे अशी रांगच समोर येते. नवा अनुवादक त्यातला पहिला अर्थ उचलतो आणि फसतो. अर्थ ठरतो तो क्रियापदाच्या पुढच्या शब्दावर, म्हणून नजर आधी तिकडे जाऊ द्या. (उच्चार ब्राझीलचे धरले आहेत.)

जागा विचारायची असेल आणि कर्ता स्टेशन, गल्ली, गाव असा एका जागचा असेल, तर साधं ‘आहे’ पुरतं. कर्ता माणूस असेल तर तो घरी ‘राहिला’ किंवा ‘थांबला’. पुढे विशेषण आलं की बहुतेक जण डोळे मिटून ‘झाला’ लिहितात. ‘फिकोउ त्रिस्ची’ म्हणजे खिन्न झाला, इथवर ठीक. पण ‘फिकोउ दोएंची’ म्हणजे आजारी पडला आणि ‘फिकोउ ग्राविदा’ म्हणजे तिला दिवस गेले.

सगळ्यात घोटाळा ‘कों’चा. ‘कों’ म्हणजे सह. दुकानात दोन शर्ट पाहून गिऱ्हाईक म्हणतं, ‘फिकु कों उ अझुउ’: ‘निळा घेतो.’ पुढे भूक किंवा भीती आली, की मराठीत कर्त्याला ‘ला’ लावायचा: तिला भूक लागली, त्याला भीती वाटली. पुढे माणूस आला आणि बोलणारी ब्राझीलची तरुण मंडळी असतील, तर अर्थ एखाद्या पार्टीपुरत्या जवळिकीचा, बहुधा चुंबनापुरता. तिथे ‘तो तिच्याबरोबर राहिला’ लिहिलंत तर वाचक दोघांचा संसारच थाटून देईल.

‘सें’ म्हणजे विना. ‘फिकामुस सें पांव’: ‘आमच्याकडचा पाव संपला.’ (आपला ‘पाव’ हा शब्दही पोर्तुगीजच.)

‘फिकोउ जी लिगार’चं ‘त्याने फोन करायचं ठरवलं’ असं भाषांतर हमखास होतं, आणि ते चूक आहे. मनाशी ठरवणं वेगळं. इथे समोरच्याला शब्द दिलेला आहे, आणि तो पाळला की नाही हे लटकतं आहे. ‘फोन करतो म्हणाला होता’ यात ते सगळं येतं.

‘फिकोउ पोर फाझेर’ म्हणजे ‘करायचं राहिलं’. ‘फिकोउ ओल्यांदु’ म्हणजे ‘बघत राहिला’. इथे आपलं ‘राहणे’ पोर्तुगीजला इंग्रजीपेक्षा कितीतरी जवळचं आहे. इंग्रजीवरून येणारा मात्र ‘अपूर्ण होतं’, ‘बघणं चालू ठेवलं’ असं लिहितो आणि हातातलं घालवतो.

९ जानेवारी १८२२ रोजी रिओ द जानेरोत पोर्तुगालचे राजपुत्र पेद्रू यांनी, तिथल्या लिस्बनच्या संसदेने परत बोलावलेलं असताना, लोकांना कळवायला सांगितलं: ‘फिकु.’ त्याच वर्षी ७ सप्टेंबरला ब्राझील स्वतंत्र झाला. ‘मी राहतो’ म्हटलं तर कुणी पत्ता सांगितल्यासारखं वाटतं. ‘मी जाणार नाही’ यात अर्थ येतो, पण मूळ शब्दात नकार नाही. मी ‘मी इथेच राहणार’ असं करेन. लिस्बनला दिलेलं उत्तर त्या ‘च’मध्ये आहे.