शिट्टी थांबली, दाब नाही: ज्वालामुखीचा गॅस कसा वाचायचा

नमस्कार मंडळी. हा दगड बघा. (दगड कॅमेऱ्याजवळ) आपल्या बेळगाव भागात खडीसाठी फोडतात तोच काळा पत्थर. ही बारीक भोकं दिसतात की नाही? लाव्हा गोठताना आत अडकलेल्या वायूचे बुडबुडे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. इथल्या भेगा कधीच थंडावल्या, घाबरू नका. पण जागत्या ज्वालामुखीवर आज हाच वायू मोजतात, आणि तिथंच गफलत होते.

फिलिपिन्समधला पिनाटुबो, १९९१. सल्फर डायऑक्साइड १३ मेला दिवसाला ५०० टन, २८ मेला ५,००० टनांच्या वर. जूनच्या सुरुवातीला आकडा धाडकन खाली आला. आता कुकर आठवा. शिट्टीत डाळ अडकली की शिट्टी थांबते, खालचा जाळ मात्र चालूच असतो की! वायूची वाट बुजली होती. १५ जूनला महास्फोट झाला.

म्हणून आकडा उतरला की आधी यंत्र तपासायचं. वायू मोजणारा स्पेक्ट्रोमीटर सूर्याच्या अतिनील किरणांवर चालतो, रात्री आंधळा. टनांचा हिशेब वाऱ्याच्या वेगानं गुणून निघतो. वारा दुप्पट धरला तर टनही दुप्पट. डोंगरात पाणी मुरलं असेल तर वायू त्यातच विरघळतो, वर कमीच दिसतो.

मग भूकंपमापक. खडक तडकला तर आलेखावर टोकदार सुरुवात. वायू किंवा मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, हलला तर संथ, लांबट लाट. सुरुंग उडाला, टिप्पर गेला, तेही उमटतंच. त्यामुळं एका यंत्रावर भरवसा नाही. तोच धक्का चारेक ठिकाणी नोंदला गेला तरच त्याची जागा आणि खोली नीट काढता येते.

तिसरं, टिल्टमीटर, म्हणजे जमिनीचा कल मोजणारं यंत्र. एक किलोमीटर लांब दांडा धरा आणि त्याचं एक टोक फक्त १ मिलीमीटर उचला: हा झाला एक मायक्रोरेडियन. इतकं नाजूक यंत्र उन्हानं, पावसानंही कलतं, म्हणून बोअर मारून खोल बसवतात. उघड्यावर ठेवलेल्या यंत्रात रोज दुपारी डोंगर ‘फुगतो’!

गॅस उतरलाय, धक्के वर सरकतायत, डोंगर फुगतोय. तिन्ही एकदम दिसलं तर पुढच्या मोजमापाची वाट बघत बसायचं नाही, गावं हलवायची.