पश्चिमेची भिंत

नमस्कार श्रोतेहो.

पुण्यात कसबा पेठेतल्या आमच्या वाड्यात माझ्या वाटणीला दोन खोल्या आल्या, तेव्हा मी त्या 'पक्क्या' करायला घेतल्या. जुना चुन्याचा गिलावा खरवडला आणि वर सिमेंटचा थापला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर भिंतीवर टिचकी मारली, तर आवाज बद्द! जरा नख लावलं आणि थाळीएवढा पापुद्रा हातात आला. मागे वीट ओली, तिच्यावर पांढरा खार फुललेला. आमचे म्हातारे गवंडीमामा म्हणाले, "ताई, ओल जमिनीतनं चढणारच. चुन्यातनं ती वाळून जायची, तुम्ही तिची वाटच बुजवली." मी आर्किटेक्ट आहे, हे त्यांना सांगायचं मी टाळलं.

घर पर्यावरणाला धरून कसं बांधावं, हे मी खरं शिकले ते तिथून. म्हणून रिनोव्हेशनचा विषय काढणाऱ्यांना मी आधी विचारते, तुमच्या घरात ऊन कुठून येतं, पाहिलंय?

पुण्याचा सूर्य मजेशीर आहे. मेच्या मध्यावर दुपारी तो बरोबर डोक्यावर येतो, मग थोडा उत्तरेकडे सरकतो आणि जुलैअखेर परत डोक्यावर. म्हणजे उन्हाळ्यात सगळ्यात जास्त तापते ती गच्ची. तिच्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचं चायना मोझॅक करून घ्या, निदान पांढरा रंग तरी मारा. खालची खोली निवते. मोठा एसी घ्यायचा विचार त्यानंतर करा.

दक्षिणेच्या खिडकीला छज्जा पुरतो. पश्चिमेला मात्र तो शोभेचाच, कारण चार वाजता ऊन तिरपं होऊन छज्ज्याखालून थेट आत शिरतं. तिथे बाहेरून बांबूच्या काड्यांचा पडदा, म्हणजे चिक, सोडा, नाहीतर जाळीवर मधुमालती चढवा. आतला पडदा कितीही जाड असला तरी उपयोग थोडाच, काचेतून उष्णता तोवर घरात आलेली असते.

आपल्या एप्रिलमध्ये दिवसा पारा चाळिशीला टेकला तरी पहाटे गार वाटतं. हे आपल्याला फुकट मिळालेलं आहे. वाड्यांच्या जाड भिंती आणि मधला चौक याच गारव्यावर चालत. फ्लॅटमध्ये चौक कुठून आणणार? पण रात्री समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि सकाळी नऊच्या आत बंद करायच्या, एवढं जमतं. डासांसाठी जाळी लावा, नाहीतर घरचे दुसऱ्याच रात्री बंड करतील!

पाण्याचं थोडक्यात सांगते. शहरात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो. 1000 चौरस फुटांच्या गच्चीवर तो 60 हजार लिटरच्या वर भरतो, म्हणजे 10 हजार लिटरचे सहा टँकर. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये हा हिशेब मांडा. पावसाचं पाणी साठवणं, सोलर आणि गांडूळखत यांसाठी महापालिकेच्या मिळकतकरात सवलत आहे, तिचीही चौकशी करा.

आणि भिंत पाडायची घाई नको. उभ्या असलेल्या विटा भाजायला लागलेलं जळण कधीच जळून गेलंय, नव्या विटांसाठी पुन्हा भट्टी पेटते.

आज दुपारी चार वाजता पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावून बघा. रात्री नऊला परत लावा. नऊ इंची विटांच्या भिंतीतून उन्हाची धग आत पोचायला साधारण तेवढा वेळ लागतो. कुठला हात जास्त पोळला, ते वहीत लिहून ठेवा आणि कॉन्ट्रॅक्टरला फोन त्यानंतर करा.

नमस्कार.