आजीच्या दंडावरचे चार वण

(दृश्य: दुपारचं अंगण, बाज, बाजेवर आजी कापसातली सरकी काढत बसलेली)

ही माझी आजी. गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडं. वय किती ते तिलाच नक्की माहीत नाही, आधार कार्डावर १ जानेवारी आहे म्हणजे तुम्ही समजून घ्या, त्या पोरानं टाकून दिली असेल. पंचाहत्तरीच्या आसपास धरा.

आता तिचा दंड बघा. कॅमेरा थोडा जवळ घेतो. हे चार गोल वण, रुपयाएवढे, मधे कातडी चुरगाळल्यासारखी. लहानपणी मला वाटायचं सगळ्या म्हाताऱ्या बायांना हे असतातच, गोंदण असते तसं. माझ्या दंडावर एकच बारका वण आहे, तो बीसीजीचा, टीबीचा. आजीसारखे चार काहून नाहीत, हे मी तिला सातवी-आठवीत असताना विचारलं होतं तर म्हणाली, "तुले देवी नाई काढल्या न बाबू."

देवी काढल्या. हा शब्दच बघा ना. रोगाचं नाव देवी, इंग्रजीत स्मॉलपॉक्स, रोग झाला तर म्हणायचं देवी आल्या, आणि रोग होऊ नये म्हणून टोचलं तर म्हणायचं देवी काढल्या. टोचणारा माणूस आला की पोरं ओरडत सुटायची, देवी डॉक्टर आला, देवी डॉक्टर आला. तो बहुतेक वेळा डॉक्टर नसायचाच, सरकारी टोचणारा, पण गावानं दिली पदवी तर दिली.

(दृश्य: गावाबाहेरचं मातामायचं देऊळ, शेंदूर, कडुलिंब)

हे आमचं मातामायचं देऊळ. घरात कोणाले माता आली, म्हणजे देवीच, की दाराला कडुलिंबाचा डगाल लावायचा, फोडणी बंद, घरात मोठ्यानं बोलायचं नाही, बाहेरच्यानं यायचं नाही. आज बघितलं तर वाटते की यातलं अर्धं म्हणजे क्वारंटाइनच होतं, फक्त त्याला देवीचं नाव होतं. पण उरलेलं अर्धं काय करणार, लागण झालेल्या दहातले तीन जण मरायचे आणि जे वाचले त्यांचं तोंड आयुष्यभरासाठी खड्ड्याखड्ड्यांचं, काहींचे डोळे जायचे. औषध नव्हतंच. आजीची मोठी बहीण यातच गेली. त्याबद्दल ती कॅमेऱ्यासमोर बोलली नाही, मीही जास्त विचारलं नाही.

लस मात्र जुनी. इंग्लंडात एडवर्ड जेन्नरनं १७९६ मध्ये गाईच्या फोडांतून ती शोधली, आणि सहाच वर्षांत, १४ जून १८०२ ला, मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल नावाच्या पोरीला टोचली, हिंदुस्थानातली ती पहिली. म्हणजे लस हातात असून पावणेदोनशे वर्षं रोग गेला नाही! काहून?

एक कारण आजीच सांगते.

"थो मानूस यंत्र घेऊन याचा, त्याले चकरी राहे काटेवाली. दंडावर ठेवे अन गर्रकन फिरवे. मी कोठ्यात लपली होती, बैलाच्या मांगं. बापानं ओढून आनली. चार ठिकानी फिरोलं त्यानं, रगतच रगत. मंग आठ दिवस ताप, हात सुजून असा झाला."

ती चकरी खरीच होती, आपल्या देशात ती कितीतरी वर्षं वापरात होती. त्यात लस पातळ, आणि उन्हाळ्यात खराब व्हायची. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर, बर्फ कुठून आणणार? मग टोचून रक्त काढून ताप आणूनही लस लागलीच नाही असं व्हायचं, आणि लोक म्हणायचे टोचून काय उपयोग झाला. चुकीचं म्हणत होते असं मला तरी वाटत नाही.

(दृश्य: जागतिक नकाशा, साधा)

आता जरा गावाबाहेर जाऊ. दुसरं महायुद्ध संपलं, १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना उभी राहिली, आणि १९५८ मध्ये अमेरिकेतल्याच मिनियापोलिस शहरात तिच्या सभेत सोवियत रशियाचा व्हिक्टर झ्दानोव्ह उठला आणि म्हणाला की देवीचा रोग जगातून पूर्ण घालवू या. शीतयुद्ध ऐन भरात, अमेरिका-रशियाचे अणुबॉम्ब एकमेकांकडं रोखलेले, आणि हा अमेरिकेत जाऊन हे सांगतो! रशियानं नुसतं सांगितलं नाही, लसीचे करोडो डोस फुकट दिले. १९६७ मध्ये मोहीम नव्या जोमानं सुरू झाली तेव्हा तिचा प्रमुख होता अमेरिकन, डी. ए. हेंडरसन. त्या साली ३१ देशांत रोग घर करून होता, वर्षाला एक ते दीड कोटी लोकांना होत असावा असा अंदाज.

दोन गोष्टींनी खेळ बदलला. एक म्हणजे वाळवलेली लस, भुकटी, ३७ अंशात महिनाभर टिकते, बर्फाचा डबा घेऊन फिरायची गरज नाही. दुसरी ही सुई.

(दृश्य: दोन टोकांची सुई, हातावर)

बघा, टोकाला दोन दात, शेतातल्या दुबेळक्यासारखे. लसीत बुडवली की दातांच्या मधे एक थेंब अडकून बसते, मग दंडावर त्याच जागी पंधरा वेळा टचटच करायचं, झालं. लस आधीच्या चौथ्या हिश्श्याएवढीच लागते, सुई उकळून परत वापरता येते, आणि गावातल्या शिकल्या-न शिकल्या कोणालाही अर्ध्या घंट्यात शिकवता येते. ज्या अमेरिकन कंपनीनं, वायेथनं, ती बनवली तिनं संघटनेकडून रॉयल्टी घेतली नाही. चकरी गेली, एकाच जागी टोचून काम.

पण टोचत तरी किती जणांना बसणार, भारतात तेव्हाच ५०-६० कोटी लोक. इथं विल्यम फेगी नावाच्या डॉक्टरची गोष्ट येते. १९६६ मध्ये तो नायजेरियात होता, रोगी सापडले आणि लस कमी. मग त्यानं सगळ्यांना टोचायचं सोडून जिथं रोगी तिथंच भोवतालच्या लोकांना टोचलं. हा माणूस तरुणपणी जंगलातली आग विझवायच्या कामाला जायचा. आमच्या मेळघाटात जंगलखात्याचे लोक उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतात की नाही, गवत जाळून पट्टा मोकळा करतात, म्हणजे आग आली तरी पुढं खायला काही मिळत नाही. तेच. देवीचा रोग माणसातूनच माणसाला होतो, जनावरात लपून राहत नाही, आणि झाला की तोंडावर दिसतोच, म्हणून हे जमलं. मलेरियात नाही जमत.

मग काम काय उरलं? रोगी शोधणं. १९७३ च्या पावसाळ्यानंतर बिहार, उत्तर प्रदेश, पश्चिम बंगाल आणि आपला शेजारी मध्य प्रदेश, इथं घरोघरी जाऊन शोध सुरू झाला. हातात एक कार्ड, त्यावर अंगभर फोड आलेल्या लेकराचा फोटो, दारात उभं राहून विचारायचं, असं कोणी पाहिलं का. १९७४ चा उन्हाळा सगळ्यात वाईट गेला. बिहारात साथ पेटलेली, मे महिन्यात रेल्वेचा देशव्यापी संप, त्याच महिन्यात पोखरणचा अणुस्फोट, तिकडं एवढं आणि इकडं जीपमधे चार माणसं लसीच्या कुप्या घेऊन गावोगाव.

महाराष्ट्र तेव्हा त्या चार राज्यांत नव्हता, पण शोध इथंही चालूच होता. पुढं पुढं भिंतीवर गेरूनं लिहून राहायचं, देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा. हजार! आजी सांगते बायांची रोजी तेव्हा दोन रुपये होती. मग काय विचारता, गावातली पोट्टी कोणाच्या तोंडावर पुटकुळी दिसते का शोधून राहिली होती.

आणि एकदा सापडला.

शेजारच्या घरातलं पोरगं, अंगभर फोड. कोणीतरी सायकल घेऊन तालुक्याला गेलं, दुसऱ्या दिवशी जीप आली, अख्खा गाव गोळा. आजी सांगते, त्यातला माणूस काही बोलला नाही, लेकराजवळ बसला, आधी त्याचे दोन्ही तळहात उलटे करून बघितले, मग तळपाय, मग सदरा वर करून पाठ. बराच वेळ पाहत बसला.

त्यामागं कारण होतं. देवीचे फोड तोंडावर, हातापायावर जास्त येतात, तळहात-तळपायावरही येतात, आणि सगळे एकाच वेळी पिकतात. कांजण्यांचे पाठी-पोटावर जास्त, एक नवा, एक सुकलेला. या पोराचे तळहात साफ होते. कांजण्याच निघाल्या. "हजार रुपये गेले म्हनून थो सायकलवाला तीन दिवस तोंड पाडून फिरत होता," आजी अजूनही हसते.

(दृश्य: आगगाडी, छोटं स्टेशन)

भारतातली शेवटची रोगी २४ मे १९७५ ला आसामात करीमगंज स्टेशनवर सापडली, सैबान बीबी, बांगलादेशातून आलेली, फलाटावरच राहणारी बाई. या रोगाचा जो जास्त घातक प्रकार होता, त्याची नैसर्गिकपणे लागण झालेली जगातली शेवटची रोगी त्याच वर्षी ऑक्टोबरात, बांगलादेशातल्या भोला बेटावरची तीन वर्षांची रहिमा बानू. ती वाचली. आणि सौम्य प्रकाराचा तसाच शेवटचा, ऑक्टोबर १९७७, सोमालियातल्या मर्का गावच्या दवाखान्यातला स्वयंपाकी, अली माओ मालिन. दवाखान्यात काम करूनही त्यानं टोचून घेतलं नव्हतं. काहून, तर दुखते असं वाटलं म्हणून. तोही वाचला, आणि पुढं पोलिओच्या मोहिमेत लोकांना समजवत फिरला, मी कसा चुकलो ते सांगत. २०१३ मध्ये तेच काम करताना मलेरियानं गेला.

हे मी आजीला सांगितलं. कोठ्यात लपलेली पोरगी आणि सोमालियातला स्वयंपाकी. ती म्हणाली, "त्याले बाप नव्हता का ओढून आनाले?"

८ मे १९८० ला जागतिक आरोग्य सभेनं जाहीर केलं की जगातून देवी गेली. त्याआधीच टोचणं बंद होत आलं होतं, म्हणून माझ्या बापाच्या दंडावर वण आहे आणि माझ्या धाकट्या काकाच्या नाही. एकाच घरातले दोघं. विषाणू आता फक्त दोन जागी कुलूपबंद आहे, अमेरिकेत अटलांटाला आणि रशियात कोल्त्सोवोला, तो जाळावा की ठेवावा यावर अजून वाद चालूच आहे.

मातामायच्या देवळात दहीभात अजून जातो, आखाडात. आजी स्वतः नेते.

(दृश्य: परत अंगण, संध्याकाळ)

शेवटचा शॉट घ्यायचा होता, दंडाचा, उन्हात. आजीला म्हटलं हात जरा इकडं कर. तिनं केला, मग एकदम मागं घेतला.

"हे मोबाइलवर सारे लोक पाहतीन का?"

हो म्हटलं.

"मंग थांब. चांगलं लुगडं नेसून येतो."