उरलेलं कुणाच्या ताटात?

मंडळी, आजचा विषय कळल्यावर काही जणांनी मला विचारलं, शिळ्या अन्नावर तासभर बोलण्यासारखं काय आहे? ज्यांच्या घरी सासू, सून आणि दोघींत एकच फ्रीज आहे, त्यांनी मात्र काही विचारलं नाही. (हशा)

शिळं खावं की खाऊ नये, यावर आपल्याकडे एकतर शास्त्र काढतात, नाहीतर आरोग्य. दोन्हींबद्दल बोलतो, पण मला खरं विचारायचंय ते वेगळंच. घरात जे उरतं, ते शेवटी खातं कोण?

आधी शास्त्र. गीतेच्या सतराव्या अध्यायातला दहावा श्लोक शिळ्याच्या विरोधकांना तोंडपाठ असतो, ‘यातयामं गतरसं पूति पर्युषितं च यत्’. रस गेलेलं, वास सुटलेलं, रात्र उलटलेलं अन्न तामसी माणसाला आवडतं, असं तिथं म्हटलंय. बरं. पण मनुस्मृतीचा पाचवा अध्याय उघडलात, तर तूप-तेल लागलेला पदार्थ शिळा झाला तरी चालतो, गव्हाचे, जवाचे, दुधाचे पदार्थही चालतात, अशी भरघोस सूट आहे. म्हणजे लाडू-करंज्यांची सोय झाली, अडकला तो भात. सोवळ्याच्या घरांत नेमकं हेच चालायचं. चकलीचा डबा पंधरा दिवस पुरवून खायचा, आणि रात्रीचा भात सकाळी दिसला की नाक मुरडायचं.

ज्वारी-बाजरीच्या मुलखात हा प्रश्नच कुणाला पडत नाही. तिथं रात्री दोन भाकऱ्या मुद्दाम जास्त थापतात. उजाडताना शेतावर निघायचं असतं, तेव्हा चूल पेटवत कोण बसणार? शिळी भाकरी, ठेचा, कांदा, असलं तर ताक, झाली न्याहारी. ती भाकरी उरलेली नसते, राखलेली असते. गुजरातेत रांधण छठीला स्वयंपाक करून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी, शीतळा सातमीला, चूल न पेटवता तेच थंड जेवतात. ओडिशात पाण्यात भिजवून आंबवलेला भात, पखाळ, उन्हाळ्यात घरोघर खातात. आणि आपल्या गोव्यात ‘कालची कोडी’ आहेच. आदल्या दिवशीचं माशाचं कालवण आटवून घट्ट करायचं आणि सकाळी पावाबरोबर खायचं. त्यासाठी आदल्या रात्री हात आखडता घेणारे लोक मी पाहिलेत.

आता आरोग्य. इथं थोडं सावध बोलायला हवं, कारण शिळं खाणारे आणि न खाणारे दोघंही इथं फसतात. भातात बॅसिलस सेरियस नावाचे जिवाणू असू शकतात. त्यांचे बीजाणू शिजवतानाही मरत नाहीत. भात तासन् तास ओट्यावर राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलट्या करवणारं विष उष्णतेनं जात नाही. त्यामुळे ‘खमंग फोडणी दिली की झालं’ हे खरं नाही. भात पसरट भांड्यात काढा, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी चांगला वाफवून संपवा, आणि पुन्हा ठेवू नका. फोडणीचा भात खरा जमतो तो थंड झालेल्या भाताचाच. गार होताना भातातला स्टार्च घट्ट होतो, शितं सुटी राहतात. ताज्या भाताचा गिचका होतो.

गोदरेजनं 1958 साली पहिला भारतीय फ्रीज काढला. पण तो मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरात यायला बराच काळ गेला. तोवर मे महिन्यात ‘रात्रीचं सकाळी नको’ म्हणणारी आजी काही सोवळ्याचं स्तोम माजवत नव्हती, तिचं गणित बरोबर होतं. पुढं फ्रीज आला, नियम तसाच राहिला. आणि आपल्या पिढीची गंमत बघा. फ्रीज आहे म्हणून आपण काही टाकत नाही, असं आपल्याला वाटतं. आपण टाकतोच, फक्त चार दिवस उशिरा.

ज्यांनी 1972 चा दुष्काळ पाहिला, परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या, दुष्काळी कामावर सुकडीसाठी, म्हणजे तिथं वाटल्या जाणाऱ्या कोरड्या खाऊसाठी, हात पुढं केला, त्यांना शिळा तुकडा टाकवत नाही. त्यांच्याशी जंतूंवर वाद घालून उपयोग नाही. त्यांना घाईनं कंजूषही म्हणू नका.

याच्या उलट एक नकार आहे, आणि त्याचाही तितकाच मान राखायला हवा. गावगाड्यात येसकर, म्हणजे गावची वेस राखणारा महार, संध्याकाळी दारोदार भाकर मागायचा. महारांचा तो ‘हक्क’ म्हणायचे, आणि त्या हक्कात पडायचे शिळे-उष्टे तुकडे. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी लोकांना सांगितलं की मेलेल्या जनावराचं मांस सोडा, हे तुकडे घेणं सोडा. तेव्हा एखाद्या घरात दुसऱ्याच्या घरचं उरलेलं आजही शिवत नसतील, तर ते नखरे नव्हेत. आपण कामाच्या मावशींना म्हणतो, ‘कालची भाजी आहे, नेता का?’ त्याआधी ती भाजी आपल्या ताटात घेतली होती का, एवढं विचारावं. आपल्याला नकोशी झालेली वस्तू देणं याला मी दान म्हणत नाही.

आणि घरातल्या घरात? जुन्या घरांत पुरुषांची पंगत आधी, मुलांची मग, बायका शेवटी. पंगत गेली, टेबल आलं, पण कालची आमटी अजून एकाच माणसाच्या वाटणीला येते. ‘मी संपवते ना तेवढं,’ म्हणत ती बाई ओट्याशी उभ्यानं खाते, आणि ताजी आमटी बाकीच्यांना वाढते. याला आपण काटकसर म्हणतो. मला तसं वाटत नाही. त्याच घरात रविवारी सकाळी कढईभर फोडणीची पोळी केली, वर कोथिंबीर, दाण्याचं कूट घातलं आणि सगळ्यांना वाढली, तर शिळी म्हणून कोण तक्रार करतं? कढईच खरवडतात.

एक चिठ्ठी आली आहे. ‘सासरे शिळं खात नाहीत आणि टाकूही देत नाहीत. मी काय करू?’ ताई, तांदूळ अर्धी वाटी कमी घ्या. तरी उरलं, तर ते भांडं टेबलावर मधोमध ठेवा आणि त्याचं काय करायचं हे सासऱ्यांनाच विचारा. त्यांचं उत्तर येईपर्यंत तुम्ही ते उभ्यानं संपवू नका.

दुसरी चिठ्ठी आहे की होळीच्या दुसऱ्या दिवशी पुरणपोळी दुधाशी खावी की तुपाशी. यावर मी जाहीर बोलणार नाही, मला घरी परत जायचंय. (हशा)