जमेची बाजू कोण तपासणार?

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या सोलापुरात चादरीचा माग सुरू करण्यापूर्वी विणकर उभे धागे निरखून पाहतो आणि तुटलेला धागा तिथल्या तिथे सांधतो, कारण चादर विणून झाल्यावर दोष दिसला तर ती कमी भावात विकण्यापलीकडे काही हाती उरत नाही. सरकारी पैशाच्या बाबतीत आपण मात्र विणून झालेली चादरच तपासतो. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अधिकार मोठा आहे, पण त्यांचा अहवाल सभागृहापुढे येतो तेव्हा पैसा बहुधा खर्ची पडलेला असतो.

अर्थसंकल्पाचे कोणतेही पुस्तक उघडा. एकाच लेखाशीर्षापुढे मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष रक्कम असे रकाने दिसतील. खर्चाच्या बाजूवर सभागृहात तासन्‌तास चर्चा रंगते, जमेच्या बाजूकडे फारसे कोणी फिरकत नाही, आणि खरी गोम तिथेच असते. वसुली फुगवून लिहिली की हवी तितकी कामे शिलकी अंदाजपत्रकात बसवता येतात. वर्ष सरत आले की तोच आकडा सुधारित रकान्यात मुकाट्याने खाली येतो आणि ठेकेदारांची बिले पुढच्या वर्षावर ढकलली जातात.

हा जमेचा अंदाज सरकारबाहेरच्या जाणकारांनी आधीच तपासावा, यासाठी काही देशांनी स्वतंत्र संस्था उभ्या केल्या. अमेरिकेने 1974 च्या कायद्याने संसदेसाठी असे कार्यालय निर्माण केले. ब्रिटनमधील कार्यालय 2010 सालचे. तिथे माणसे पन्नासच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शाळेच्या कर्मचाऱ्यांइतकी. 23 सप्टेंबर 2022 रोजी तिथल्या अर्थमंत्र्यांनी या कार्यालयाचा अंदाज न घेताच सुमारे 45 अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. सरकारी रोख्यांचे भाव इतके कोसळले की पाच दिवसांत मध्यवर्ती बँकेला ते विकत घेण्यासाठी बाजारात उतरावे लागले, आणि महिना होण्याआधी पंतप्रधानांनी राजीनामा जाहीर केला. पुढे 2024 च्या कायद्याने मोठ्या वित्तीय निर्णयांपूर्वी असे मूल्यमापन बंधनकारक झाले. पन्नास जणांचा पगार महाग की त्यांना न विचारणे महाग, याचा हिशेब ब्रिटनने असा रोखीने चुकवला.

या संस्थाही चुकतात. ब्रिटनच्या याच कार्यालयाने उत्पादकतेचे अंदाज वर्षानुवर्षे गरजेपेक्षा आशावादी ठेवले होते. फरक इतकाच, की ते आपली चूक स्वतः मोजून प्रसिद्ध करतात. मला जास्त चिंता वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. हंगेरीत 2009 साली स्थापन झालेल्या अशाच स्वतंत्र वित्तीय परिषदेने सरकारच्या अंदाजपत्रकावर टीका केली, तेव्हा तिला बरखास्त करण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही. 2010 च्या अखेरीस तिचा निधीच कापला गेला आणि कर्मचारी घरी बसले.

भारतात अशी वित्तीय परिषद असावी, असे चौदाव्या व पंधराव्या वित्त आयोगांनी आणि 2017 साली वित्तीय शिस्तीच्या कायद्याचा आढावा घेणाऱ्या एन. के. सिंह समितीनेही सुचवले. आहेत त्या संस्था पुरेशा आहेत, हे केंद्राचे उत्तर. राज्यांचा विषय तर त्याहून दूर राहिला. महालेखापरीक्षकांच्या कार्यालयाचा प्रशासकीय खर्च घटनेने सरकारच्या मुख्य तिजोरीवर, म्हणजे एकत्रित निधीवर, भारित केला आहे, म्हणजे त्यावर सभागृहात मतदान होत नाही. उद्या परिषद स्थापन झालीच, तर तिचे अध्यक्ष कोण हे वर्तमानपत्रे सांगतीलच. मी मात्र तिच्या पगाराची रक्कम भारित खर्चात आहे की मतदानाला येणाऱ्या अर्थ मंत्रालयाच्या अनुदान मागणीत, हे आधी पाहीन.