तोंड उघडेना, तर अडतंय कुठे?

तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका जोडून घ्या. ती एकावर एक अशी उभी धरून वरच्या आणि खालच्या पटाशीच्या दातांमध्ये घालून पाहा. तिन्ही सहज गेली तर तुमचं तोंड साधारण ४० मिलीमीटर उघडतं. प्रौढ माणसाचं ३५ ते ५०, बायकांचं सरासरीने थोडं कमी. दोनच बोटं जात असतील तर आत कुठेतरी अडलंय. ते नेमकं कुठे अडलंय, हे जबड्याची रचना माहीत असेल तर बरंचसं खुर्चीत बसल्या बसल्या कळतं.

बोटांचं माप घरापुरतं ठीक आहे. दवाखान्यात पट्टी हवी, आणि दर वेळी त्याच दोन दातांच्या कडांमधलं अंतर मोजायला हवं. केसपेपरवर ‘तोंड कमी उघडतं’ एवढंच लिहिलं तर पुढच्या महिन्यात तुलना कशाशी करणार? मापं दोन घ्यायची. पहिलं, माणूस स्वतः उघडतो तेवढं. दुसरं, आपण अंगठा आणि बोटाने दात हळूच अलग दाबल्यावर मिळतं तेवढं. दाबल्यावर पाच-सात मिलीमीटर जास्त मिळाले आणि शेवटी लवचीकपणा जाणवला, तर अडथळा बहुधा स्नायूंच्या आखडण्याचा असतो. खटकन थांबलं, एक मिलीमीटरही पुढे सरकेना, तर सांधा, हाड किंवा घट्ट झालेली त्वचा यांच्याकडे बघायचं. ही दोन मापं घ्यायला अर्धं मिनिट लागतं, तरी निम्म्या केसपेपरांवर ती सापडत नाहीत.

आता सांधा. खालचा जबडा हे एकच हाड आहे आणि त्याला दोन सांधे आहेत, त्यामुळे एका बाजूचा बिघडला की दुसऱ्यालाही स्वस्थ बसता येत नाही. हाडाच्या दोन्ही टोकांना गोलसर डोकं असतं. ते कानाच्या अगदी पुढे, कवटीच्या खोबणीत बसतं. डोकं आणि खोबण यांच्यामध्ये तंतुमय चकती असते, म्हणून सांध्याचे वर-खाली दोन कप्पे होतात. तोंड उघडताना पहिले २०-२५ मिलीमीटर खालच्या कप्प्यात मिळतात. डोकं जागच्या जागी फिरतं, बिजागरीसारखं. पुढचं अंतर वरच्या कप्प्यातून येतं. चकतीला घेऊन डोकं पुढे घसरतं आणि खोबणीसमोरच्या हाडाच्या उंचवट्याखाली येतं. कानासमोर बोट ठेवून हळूहळू तोंड उघडा, बोटाखालून डोकं पुढे गेल्यावर तिथे खळगा पडलेला लागेल.

म्हणून कुणाचं तोंड नेमकं २५ मिलीमीटरला येऊन थांबत असेल, तर फिरणं चालू आहे आणि घसरणं बंद आहे असा संशय घ्यायचा. एकाच बाजूचं घसरणं बंद असेल तर तोंड उघडताना हनुवटी त्याच, म्हणजे बिघडलेल्या बाजूला वळते. कारण चांगल्या बाजूचं डोकं पुढे जातं आणि दुसरं मागेच राहतं.

चकती पुढे सटकलेली असली की उघडताना डोकं तिच्यावर चढतं आणि ‘कट्’ असा आवाज येतो. नुसता आवाज आहे, दुखत नाही, अडत नाही, तर काहीही करू नका. आवाजापायी एमआरआय काढून दातांवर पट्टे बसवून घेणारे लोक आहेत, त्यांना माझा एवढाच सल्ला. काळजीची गोष्ट वेगळी आहे. बरेच दिवस आवाज येत होता, तो एकाएकी थांबला आणि त्याच दिवसापासून तोंड कमी उघडायला लागलं, तर चकती पुढे अडकून बसली आहे. इथे लवकर दाखवलेलं बरं.

याच्या नेमकं उलट म्हणजे मोठी जांभई दिली आणि तोंड मिटेचना. डोकं उंचवट्याच्या पुढे निघून गेलेलं असतं, आणि जबडा मिटणारे स्नायू त्याला वर ओढून तिथेच धरून ठेवतात. जितका वेळ जातो तितके ते जास्त आखडतात. बसवताना रुग्णाला बुटक्या स्टुलावर बसवायचं आणि त्याची मान मागे भिंतीला टेकेल असं पाहायचं. अंगठ्यांना गॉझ गुंडाळायचं आणि ते दाढांच्या बाहेरच्या अंगाला हाडाच्या कडेवर ठेवायचे, दाढांवर नव्हे, कारण जबडा बसतो तेव्हा दात जोरात मिटतात. आधी खाली दाब, त्याबरोबर बोटांनी हनुवटी वर, आणि मग मागे. चूक होते ती इथे: लोक सरळ मागे ढकलतात. वाटेत हाडाचा उंचवटा आहे, त्याच्या खालून उतरल्याशिवाय डोकं मागे जाणार कसं? दोन्ही बाजू एकदम बसत नसतील तर एकेक बसवावी. नंतर दोन-तीन आठवडे मोठा घास नाही, आणि जांभई आली की हनुवटीखाली मूठ. हे काम प्रशिक्षित हाताचं आहे. मार लागून झालं असेल तर आधी एक्स-रे, कारण सांध्यातल्या डोक्याशी मोडलेला जबडाही असाच वाकडा दिसू शकतो.

मार लागण्याचा विषय निघालाच आहे तर हनुवटीबद्दल सांगतो. हनुवटीवरचा आघात हाडातून थेट वर, दोन्ही सांध्यांपर्यंत पोचतो. मूल पायरीवर पडतं, हनुवटी फुटते, दोन टाके पडतात आणि सगळे घरी जातात. कानासमोर बोट ठेवून कुणी पाहत नाही. सांध्यात रक्त साकळलं आणि मुलाने दुखतंय म्हणून तोंड हलवलंच नाही, तर पुढच्या काही महिन्यांत जबड्याचं डोकं कवटीला चिकटू शकतं. लहानपणी जबड्याच्या वाढीचं एक महत्त्वाचं ठिकाण तेच असल्यामुळे हनुवटी मागेच राहते, श्वासाची वाट अरुंद होते आणि मूल झोपेत घोरायला लागतं. हनुवटीला टाके पडलेल्या प्रत्येक मुलाचं तोंड त्याच दिवशी मोजा आणि महिनाभर मोजत राहा.

आता स्नायू. जबडा मिटणारे तीन. दात आवळा आणि जबड्याच्या कोपऱ्यावर हात ठेवा, टणक होतो तो पहिला. कानशिलावर हलतो तो दुसरा, आणि त्याची दोरी गालाच्या कमानीखालून जबड्याच्या पुढच्या टोकदार शेंड्याला येऊन मिळते. गालाची ती कमान आत दबली, बॉल लागून किंवा गाडीवरून पडून, तर शेंडा तिच्यावर अडतो आणि सांधा ठणठणीत असूनही तोंड उघडत नाही. तिसरा स्नायू जबड्याच्या आतल्या बाजूला असतो, बाहेरून लागत नाही. उघडणारे मात्र दुबळे, एक सांध्याशी जोडलेला आणि बाकीचे हनुवटीखालचे. म्हणून कुठेही दुखापत झाली की मिटणारे जिंकतात. दातखीळ बसते तीही अशीच, आणि जखमेनंतर काही दिवसांनी कारण नसताना बसली तर आधी धनुर्वाताचा विचार करायचा.

त्या आतल्या स्नायूची गाठ सर्वात जास्त दंतवैद्यांशी पडते. खालची दाढ बधिर करायची सुई विरुद्ध बाजूच्या उपदाढांवरून आत जाते. गालाच्या आत मागे जी उभी घडी दिसते, तिच्या बाहेरच्या खळग्यात ती शिरते, २० ते २५ मिलीमीटर खोल, आतल्या हाडाला टेकेपर्यंत. हाड लागलं की किंचित मागे घ्यायची, आधी दट्ट्या ओढून सुईत रक्त येत नाही ना हे बघायचं, आणि मगच औषध सोडायचं. सुई खाली गेली तर दात बधिरच होत नाही. आत गेली तर तो स्नायू टोचला जातो आणि एक-दोन दिवसांनी तोंड उघडेनासं होतं. हाड न लागता खूप मागे गेली तर औषध कानाखालच्या लाळग्रंथीत पडतं. तिच्यातून चेहऱ्याच्या हालचालीची नस जाते, त्यामुळे काही तास अर्धा चेहरा लुळा पडतो. माणूस घाबरतो, पण तो बरा होतो. तोपर्यंत डोळा मिटत नाही, म्हणून त्याच्यावर पट्टी. सुईनंतर आखडलेल्या जबड्याला गरम ओलसर शेक तासाला २० मिनिटं, दर तीन-चार तासांनी पाच मिनिटं उघडझाप, आणि वेदनाशामक. दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही किंवा ताप आला, तर आत पू होतोय असं धरून चालायचं.

आणि इथे हनुवटीखालचा भाग महत्त्वाचा ठरतो. तोंडाचा तळ म्हणजे जबड्याच्या आतल्या अंगाला आडवा ताणलेला पातळ स्नायू. पुढच्या दातांची मुळं त्याच्या वर संपतात, मागच्या दोन दाढांची, म्हणजे अक्कलदाढेचीही, बहुधा खाली. म्हणून अक्कलदाढेचा पू तोंडात न दिसता जबड्याखाली गळ्यात उतरतो. दोन्ही बाजू आणि जिभेखालची जागा एकदम भरली तर त्या दुखण्याला लुडविगचं नाव आहे. या जर्मन वैद्याने १८३६ मध्ये त्याचं वर्णन केलं. गळ्याखाली फळीसारखं घट्ट, जीभ टाळूकडे उचललेली, तोंडात बटाटा धरल्यासारखा आवाज, लाळ गिळता येत नाही, आडवं पडलं की गुदमरतं. गाल किती सुजलाय हे बघू नका, कधी कधी गाल सपाटच असतो. जीभ उचललेली आणि आवाज बदललेला असेल तर घरी शेकत बसू नका. श्वासाची वाट सांभाळण्याची सोय असलेल्या रुग्णालयात तासाभरात पोचा.

आता महाराष्ट्रातलं मोठं कारण. सांधा चांगला, स्नायू चांगले, हाड चांगलं, आणि तोंड तरी दोन बोटं उघडतं. अडथळा आतल्या नाजूक त्वचेखाली असतो. निरोगी गालाच्या आतल्या त्वचेखालचा थर सैल असतो, म्हणून गाल ताणला जातो. सुपारीने त्याच थरात तंतू साठून तो चामड्यासारखा घट्ट होतो. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियातल्या भारतीय स्त्रियांमध्ये याची नोंद केली. १९५३ मध्ये मुंबईचे कान-नाक-घसातज्ज्ञ डॉ. जोशी यांनी टाळू आणि घशाच्या कमानीतला हा विकार मांडला आणि ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ हे नाव रुळलं.

तंतू घट्ट करायचं काम मुळात सुपारीचं आहे, तंबाखूचं नव्हे. तिच्यातला अरेकोलिन तंतू बनवणाऱ्या पेशींना चालना देतो, टॅनिनमुळे जुने तंतू विरघळत नाहीत, आणि तिच्यातलं तांबं त्यांचे दुवे पक्के करतं. म्हणून ‘मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला नक्की कर्करोगकारक ठरवलं. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. विदर्भात पन्नीत घोटलेला खर्रा आणि नगरकडचा मावा टपरीवर ताजा होतच राहिला. मुलांच्या हातात मीठी सुपारीची पुडी देणाऱ्या घरांचं मला जास्त वाईट वाटतं.

तोंड कमी उघडणं ही या विकाराची उशिरा दिसणारी खूण. आधी जळजळ होते. भाजीत नेहमीचंच तिखट, पण जीभ आणि गाल भाजतात, कारण वरची त्वचा पातळ झालेली असते. मग आतला गाल फिकट, संगमरवरी दिसू लागतो. एक बोट आत, अंगठा बाहेर ठेवून गाल चाचपा, दाढांसमोर उभ्या दोऱ्या लागतात. मघाशी सांगितलेली ती मागची घडी ताणलेल्या तारेसारखी होते. टाळू पांढरट, पडजीभ आखडलेली. शीळ वाजत नाही, फुगा फुगत नाही, जीभ ओठापुढे जात नाही. टाळूचे स्नायू कानाकडे जाणारी नळी उघडतात. तेही आखडले की कान बंद वाटतात, आणि माणूस आधी कानाच्या डॉक्टरकडे जातो.

३५ मिलीमीटरच्या वर असताना कळलं आणि सुपारी सुटली तर बरंच वाचतं. झालेले तंतू वितळत नाहीत, पण वाढ थांबू शकते. २०-३५ दरम्यान आठवड्याला एक-दोन वेळा हायलुरोनिडेज आणि डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात. ती मऊपणा देतात, मिलीमीटर कमी. खरी भर व्यायामाने पडते. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या धुऊन घ्या. जेवढ्या मावतात तेवढ्या एकावर एक ठेवून दोन्ही बाजूंच्या दाढांमध्ये धरा, आणि मग मध्ये एक जास्तीची सरकवा. दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. पुढच्या दातांवर पाचर मारू नका, दात हलतात. दोन मिलीमीटरच्या काडीत आठवड्याला एक वाढली तरी चांगलं.

२० च्या खाली मात्र शस्त्रक्रिया. भूल देणंच अवघड असतं, कारण नळी घालायला तोंडच नाही. ती नाकातून, दुर्बिणीच्या मदतीने, बऱ्याचदा रुग्ण जागा असताना घालावी लागते. मग दोऱ्या कापायच्या आणि टेबलावरच किमान ३५ गाठायचे. गाठले नाहीत तर कानशिलाच्या स्नायूचा तो टोकदार शेंडा दोन्ही बाजूंनी काढायचा. उघडा भाग गालातल्या चरबीच्या गोळीने झाकता येतो, पण ती पुढच्या भागापर्यंत पुरत नाही. नाकाशेजारची त्वचा पुरते, तर चेहऱ्यावर व्रण राहतो आणि पुरुषांच्या गालाच्या आत केस उगवतात. हे आधी सांगून ठेवावं. काड्यांचा व्यायाम पहिल्या आठवड्यातच सुरू करून निदान सहा महिने चालवायचा. टाके दुखतात म्हणून तो सोडणाऱ्यांचं तोंड हमखास परत मिटतं.

आणि एक. केरळातल्या एर्नाकुळम जिल्ह्यातल्या या विकाराच्या ६६ रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा ७.६ टक्के रुग्णांत कर्करोग झाला. म्हणून तोंड परत उघडलं तरी तपासणी चालू ठेवायची, दर तीन-चार महिन्यांनी. तोंड २० च्या आत असताना मागची दाढ आणि घशाची कमान नीट दिसतच नाही, तिथे लपलेला लाल-पांढरा चट्टा उशिरा सापडतो. दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली की औषधं बदलत बसायचं नाही, तुकडा काढून तपासायला पाठवायचा.